अंतर जमिनीवरचे, वेळ हवेतली

ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने न्यूयॉर्कहून निघून वाटेत कुठेही न उतरता थेट सिडनी गाठणारे एक चाचणी उड्डाण केले, आणि पुढच्याच महिन्यात तसेच दुसरे उड्डाण लंडन ते सिडनी असे केले. दोन्ही वेळी विमान एकाच जातीचे, म्हणजे बोइंग ७८७-९ होते, आणि वजन हलके राहावे म्हणून दोन्ही वेळी आत जेमतेम पन्नासच्या आसपास माणसे बसवलेली होती. न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाने सुमारे १६,२०० किलोमीटर अंतर १९ तास १६ मिनिटांत कापले, तर लंडनहून निघालेल्या विमानाने सुमारे १७,८०० किलोमीटर अंतर १९ तास १९ मिनिटांत कापले. अंतर १,६०० किलोमीटरने अधिक असूनही वेळ मात्र तीनच मिनिटे अधिक लागली. आजचे प्रवासी जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते असे धरले, तर १,६०० किलोमीटरना पावणेदोन तास लागायला हवेत. मग ते पावणेदोन तास गेले कुठे?

हा प्रश्न पडतो, याचे कारण आपली सवय रस्त्यावरची आहे. रस्त्यावर अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते, आणि उत्तर चुकलेच तर दोष वाहतुकीचा किंवा खड्ड्यांचा असतो. विमानाच्या बाबतीत 'अंतर' या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिले अंतर भूमितीचे, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावर दोन विमानतळांना जोडणाऱ्या सर्वांत लहान रेषेची लांबी; संकेतस्थळांवर बहुधा हेच दिलेले असते. दुसरे अंतर विमानाने जमिनीच्या हिशेबात प्रत्यक्ष कापलेले, आणि ते पहिल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त भरते. तिसरे अंतर हवेतले, म्हणजे विमानाने किती लांबीची हवा कापली ते. वेळ आणि इंधन ठरते ते या तिसऱ्या अंतरावर, आणि प्रवाशाला नेमके तेच कुठे दाखवले जात नाही. हवा स्वतःच सतत चालत असते, त्यामुळे जमिनीवरचे अंतर आणि हवेतले अंतर एक असण्याचे काही कारण नाही.

आधी भूमितीचे अंतर पाहू. गोल पृष्ठभागावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या कोणत्याही प्रतलाने पृथ्वी कापली, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे असे एक वर्तुळ आहे, समोरासमोरच्या दोन रेखावृत्तांची जोडी हेही असेच एक वर्तुळ आहे. विषुववृत्त सोडून बाकीची अक्षवृत्ते मात्र तशी नाहीत. पृथ्वीगोल हाताशी असेल तर त्यावर न्यूयॉर्क आणि माद्रिद या दोन ठिकाणी दोरा धरून ताणून पाहावा. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, उत्तरेला चाळीस अंशांच्या थोडे वर आहेत, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशात माद्रिद न्यूयॉर्कच्या सरळ पूर्वेला दिसते. दोरा मात्र अक्षवृत्ताला चिकटून राहत नाही, तो उत्तरेकडे सरकतो आणि मध्यावर सुमारे ४६ अंश उत्तरेपर्यंत चढून पुन्हा खाली येतो. अक्षवृत्त धरून सरळ पूर्वेला गेल्यास जे अंतर पडते, त्यापेक्षा हा दोऱ्याचा मार्ग सुमारे पावणेदोनशे किलोमीटरने कमी आहे.

नकाशावर विमानाचा मार्ग कमानीसारखा वाकलेला दिसतो तो यामुळे, आणि त्यात दोष असलाच तर नकाशाचा आहे. आपल्या डोळ्यांत बसलेला जगाचा सपाट नकाशा गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेला आहे. ती पद्धत जहाजांसाठी उत्तम होती, कारण होकायंत्राची एकच दिशा धरून काढलेला मार्ग तिच्यात सरळ रेषा म्हणून उमटतो. त्याची किंमत म्हणून ध्रुवांकडचा प्रदेश ताणला जातो, आणि जो मार्ग खरोखर सर्वांत सरळ आहे तोच वाकडा दिसू लागतो. दक्षिण गोलार्धात ही कमान उलटी होते. सिडनी आणि चिलीमधले सँतियागो ही दोन्ही शहरे दक्षिणेला ३४ अंशांच्या आसपास आहेत, तरी त्यांच्यामधला सर्वांत जवळचा मार्ग मध्यावर सुमारे ६२ अंश दक्षिणेपर्यंत, म्हणजे अंटार्क्टिकाच्या शेजारी जाऊन येतो. सिंगापूर आणि न्यूयॉर्कजवळचे न्यूअर्क यांच्यातली रेषा त्याहून नवलाची आहे, कारण ती सिंगापूरहून जवळजवळ थेट उत्तरेला निघते, उत्तर ध्रुवापासून अडीचशे किलोमीटरच्या आतून जाते आणि पलीकडच्या बाजूने तशीच थेट दक्षिणेला उतरते.

हे अंतर आकड्यांत काढणे वाटते तितके अवघड नाही. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, जो साधारणपणे धावपट्ट्यांच्या मध्याजवळ असतो, आणि त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले असतात. असे दोन बिंदू घेऊन पृथ्वीच्या केंद्रापाशी त्यांच्यात किती अंशांचा कोन होतो ते त्रिकोणमितीने काढायचे आणि त्याला एका अंशाच्या लांबीने, म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटरने गुणायचे. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यात हा कोन सुमारे ४९.८ अंशांचा भरतो, आणि अंतर निघते सुमारे ५,५४० किलोमीटर. येथे पृथ्वी अगदी गोल, ६,३७१ किलोमीटर त्रिज्येची धरलेली आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांपाशी किंचित चपटी असून तिची त्रिज्या विषुववृत्तावर ६,३७८ आणि ध्रुवांवर ६,३५७ किलोमीटर आहे. हा चपटेपणा हिशेबात घेतला की तेच अंतर ५,५५० किलोमीटरच्या थोडे पुढे जाते. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले आणि त्यांत दहा-पंधरा किलोमीटरचा फरक आढळला, तर दोन्ही बरोबर असण्याचीच शक्यता जास्त; एकाने पृथ्वी गोल धरली आहे आणि दुसऱ्याने चपटी, एवढेच.

येथे सागरी मैलाचाही उल्लेख करायला हवा, कारण वैमानिक आजही किलोमीटरमध्ये विचार करत नाहीत. एक अंश म्हणजे साठ मिनिटे, आणि अक्षांशाच्या एका मिनिटाएवढी लांबी म्हणजे एक सागरी मैल. आता त्याचे माप १,८५२ मीटर असे पक्के केलेले आहे. कोन कळला की त्याला साठने गुणले, आणि अंतर सागरी मैलांत तयार. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे जगातले कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा फारसे दूर असू शकत नाहीत, आणि लंडन-सिडनीची सुमारे १७,००० किलोमीटरची रेषा त्या मर्यादेच्या बरीच जवळ जाते.

आता वाचकाच्या लक्षात येईल की लंडन-सिडनी भूमितीने १७,००० किलोमीटर आहे आणि त्या चाचणी विमानाने मात्र १७,८०० किलोमीटर कापले. न्यूयॉर्क-सिडनीची रेषा सुमारे १६,००० किलोमीटरची आहे आणि विमानाने १६,२०० कापले. म्हणजे पहिले आणि दुसरे अंतर यांच्यातच एका ठिकाणी २०० आणि दुसऱ्या ठिकाणी ८०० किलोमीटरची तफावत आहे. दोऱ्याच्या रेषेवरून विमान नेमके जात नाही, याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतली काही निसर्गाची तर काही माणसांची आहेत.

माणसांनी निर्माण केलेले सर्वांत मोठे कारण म्हणजे हवाई हद्द. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले आणि हेलसिंकीहून टोकियोला जाणारे विमान, जे पूर्वी सायबेरियावरून साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचत असे, त्याला सुमारे तेरा तास लागू लागले; एक मार्ग दक्षिणेकडून वळसा घेणारा होता आणि दुसरा चक्क उत्तर ध्रुवावरून. दोन विमानतळ जागचे हलले नाहीत, भूमितीचे अंतर एका मीटरनेही बदलले नाही, तरी प्रवास साडेतीन तासांनी लांबला. यात नवे काही नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बंद असल्यामुळे युरोपहून जपानला जाणारी विमाने अलास्कातल्या अँकरेजला उतरून इंधन घेत असत, आणि एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने १९५७ मध्ये कोपनहेगन-अँकरेज-टोकियो अशी ध्रुवीय सेवा सुरू केली होती.

दुसरे कारण सुरक्षेचे. दोनच इंजिने असलेल्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक वेळात एखादा विमानतळ गाठता आला पाहिजे, असा नियम आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळू लागली आणि दोन इंजिनांची विमाने अटलांटिक ओलांडू लागली. एअरबस ए३५० ला युरोपीय नियामकाने ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता दिलेली आहे. मर्यादा जितकी मोठी, तितका समुद्रावरचा मार्ग सरळ काढता येतो. तिबेटच्या पठारावरची अडचण मात्र इंजिनाची नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तातडीने १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पंधरा मिनिटांच्या आसपासच पुरतो. पण खालची जमीनच तेरा-चौदा हजार फुटांवर असेल तर उतरायचे कुठे? म्हणून बरीच विमाने त्या भागाला वळसा घालतात.

उत्तर अटलांटिकवर तर आकाशातले रस्ते रोज नव्याने आखले जातात. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधले काही समांतर मार्ग दिवसातून दोनदा ठरवून जाहीर होतात: दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठीचे मार्ग आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून चालणारे शॅनविक हे हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र ठरवते, आणि रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठीचे मार्ग कॅनडातले गँडर केंद्र. दोन्ही वेळा मुख्य विचार एकच असतो, की त्या दिवशी वारा कुठून आणि किती जोराने वाहतो आहे. येथे आपण तिसऱ्या अंतरापाशी येतो.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमाने जेथे उडतात नेमक्या त्याच थरात, मध्य अक्षांशांवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि वेगवान पट्टे वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांची रुंदी काहीशे किलोमीटर असते, जाडी मात्र काही किलोमीटरच, आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. हिवाळ्यात तो ३०० च्या पुढेही जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची पद्धतशीर मोजणी केली होती. जगाला कळावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला, आणि बहुधा त्यामुळेच तो जगात फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बी-२९ बॉम्बफेकी विमानांना हा वारा अंगावर घ्यावा लागला, तेव्हा त्याचे महत्त्व सर्वांना पटले.

या वाऱ्याचा वेळेवर होणारा परिणाम साध्या आकड्यांनी पाहता येतो. न्यूयॉर्क ते लंडन ५,५५० किलोमीटर आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरू. वारा अजिबात नसेल तर ६ तास १० मिनिटे लागतील. आता वाटेत सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आहे असे समजू. लंडनकडे जाताना हवाच विमानाला पुढे वाहून नेते, जमिनीच्या हिशेबात वेग १,००० होतो आणि ५ तास ३३ मिनिटे पुरतात. परत येताना वेग ८०० वर येतो आणि ६ तास ५६ मिनिटे लागतात. दोन्ही वेळा विमानाची इंजिने तितकीच चालली, आतल्या प्रवाशाला वेगाचा काही फरक जाणवला नाही, तरी दोन दिशांत जवळजवळ दीड तासाचे अंतर पडले.

या उदाहरणात एक बारीक गोष्ट आहे, जी मला स्वतःला पहिल्यांदा हिशेब मांडताना चुकल्यासारखी वाटली होती. जाताना मिळालेले आणि येताना गमावलेले एकमेकांना फेडत नाहीत. बिनवाऱ्याच्या हवेत जाऊन-येऊन १२ तास २० मिनिटे होतात, वाऱ्यात १२ तास २९ मिनिटे. कारण सोपे आहे: अनुकूल वाऱ्यात विमान कमी वेळ राहते आणि प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ, त्यामुळे नुकसान सोसायला त्याला नफ्यापेक्षा जास्त वेळ मिळतो.

वारा मनापासून मदत करू लागला की काय होते, याचे उदाहरण ९ फेब्रुवारी २०२० च्या पहाटेचे आहे. सियारा नावाचे वादळ ब्रिटनवर येत असताना जेट प्रवाह विलक्षण जोरात होता, आणि ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. वाटेत त्याचा जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी सुमारे १,३२० किलोमीटरपर्यंत गेला होता. समुद्रसपाटीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो, तेव्हा विमानाने ध्वनीला मागे टाकले, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे झाले नव्हते. विमान ध्वनीच्या वेगाशी झगडते ते भोवतालच्या हवेत, आणि त्या हवेत त्याचा वेग नेहमीसारखाच होता. फक्त ती हवाच ताशी चारशे किलोमीटरने लंडनकडे निघालेली होती. वाहत्या नदीत पोहणाऱ्याला काठावरचा माणूस जसा पाहतो, तसेच हे.

ध्वनीचा विषय निघालाच आहे, तर ताशी ९०० हा आकडा कुठून येतो तेही सांगायला हवे. लांब पल्ल्याची आधुनिक विमाने ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के वेगाने उडतात, ज्याला मॅक ०.८५ म्हणतात, त्यापुढे गेल्यास पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग जागोजागी ध्वनीच्या पुढे जाऊन अवरोध झपाट्याने वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडत नाही. हवेतला ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तेथे ध्वनी ताशी सुमारे १,०६० किलोमीटरने जातो. त्याचे ८५ टक्के म्हणजे सुमारे ९००. कॉंकॉर्ड हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडत असे, आणि त्याने ७ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यूयॉर्क-लंडन अंतर २ तास ५३ मिनिटांत कापले होते. ते सेवेतून गेल्यापासून प्रवासी विमाने पुन्हा याच कुंपणाच्या आत आहेत.

आता सुरुवातीचे पावणेदोन तास शोधता येतील. विमानाचा हवेतला सरासरी वेग ढोबळमानाने ताशी ९०० धरला, तर न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाने १९ तास १६ मिनिटांत सुमारे १७,३४० किलोमीटर हवा कापली, आणि लंडनहून निघालेल्याने १९ तास १९ मिनिटांत सुमारे १७,३८५ किलोमीटर. हवेत मोजले तर दोन्ही प्रवास जवळजवळ सारखेच होते! पहिले विमान पश्चिमेकडे निघालेले असल्यामुळे जमिनीवरच्या १६,२०० किलोमीटरसाठी त्याला हजारभर किलोमीटर जास्त हवा कापावी लागली. दुसरे पूर्वेकडे निघालेले होते, आणि त्याला १७,८०० पैकी चारशे किलोमीटर वाऱ्याने फुकट दिले. आठशे किलोमीटरच्या वळशातला काही भाग तर त्या वाऱ्याच्या शोधातच घेतलेला असणार.

लांबचा पण वाऱ्याचा रस्ता घेणे ही कल्पना एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर अगदी टोकाला नेली. तोपर्यंत ते विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जात असे आणि सुमारे १३,९०० किलोमीटर कापत असे. मग ते उलट्या बाजूने, पूर्वेकडे पॅसिफिकवरून जाऊ लागले. अंतर १५,३०० किलोमीटरपर्यंत वाढले आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आली. परतताना विमान पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून येत असल्यामुळे एका फेरीत पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा होत असे.

येथे एक जुना गैरसमज दूर करून टाकावा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाकडे मुक्कामाचे ठिकाण आपणहून धावत यायला हवे, असे पुष्कळांना वाटते. पण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानही. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा असा थेट फायदा कोणालाच मिळत नाही. गंमत अशी की पृथ्वीच्या फिरण्याचा अप्रत्यक्ष परिणाम आहे, आणि तो नेमका उलट्या दिशेचा आहे. उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे उंचावरची हवा ध्रुवांकडे जाऊ पाहते, पृथ्वीच्या भ्रमणामुळे ती वळते आणि पूर्वेकडे वाहू लागते. जेट प्रवाहाचा जन्म असा होतो, म्हणून पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा पूर्वेकडे जाणाऱ्यालाच मिळतो.

तिकिटावरची वेळ मात्र एवढ्यानेही जुळत नाही. न्यूयॉर्क-लंडन वेळापत्रकात जाताना सात तासांच्या आसपास आणि येताना आठ तासांच्या आसपास दिसते, म्हणजे आपल्या हिशेबापेक्षा दर वेळी तास-दीड तास जास्त. वेळापत्रकातली वेळ आकाशात धरलेली नसते. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागचे हलले की ती सुरू होते, आणि दुसऱ्या टोकाला ठोकळे पुन्हा लागले की संपते. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत रांगेतून जायला वीस-तीस मिनिटे सहज जातात. मग चढाई असते, आणि अनेक देशांत १०,००० फुटांखाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, यापेक्षा वाढवता येत नाही. उतरण्याची सुरुवात मुक्कामाच्या जवळजवळ २०० किलोमीटर आधी होते, कारण दर हजार फूट खाली येण्यासाठी तीन सागरी मैल लागतात असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. धावपट्टीची दिशा वाऱ्यानुसार ठरत असल्यामुळे कधीकधी शहर ओलांडून पलीकडून वळून यावे लागते. या सगळ्यावर कंपनी स्वतःच्या अब्रूसाठी थोडी जादा वेळ ठेवते, आणि उशिरा निघालेले विमान वेळेवर कसे पोहोचले याचे बहुतेक वेळा एवढेच रहस्य असते.

फार लांबच्या प्रवासात आणखी एक गोष्ट मध्ये येते, ती म्हणजे इंधनाचे वजन. इंधन वाहून न्यायलाही इंधन लागते, त्यामुळे अंतर दुप्पट झाले तर इंधन दुपटीहून अधिक घ्यावे लागते. सिंगापूर एअरलाइन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूअर्कची थेट सेवा सुरू केली ती ए३५० च्या खास लांब पल्ल्याच्या प्रकारावर. त्यात १,६५,००० लिटर इंधन मावते, नेहमीच्या प्रकारात १,४१,०००. टाक्या काठोकाठ भरल्या तर इंधनाचेच वजन सुमारे १३० टन होते, आणि विमानाचे कमाल उड्डाण वजन आहे २८० टन. म्हणून आत १६१ च आसने ठेवलेली होती. ध्रुवाजवळून जाणारी भूमितीची रेषा १५,३४० किलोमीटरच्या आसपास असताना कंपनीने सेवा सुरू करताना सांगितलेले अंतर मात्र सुमारे १६,७०० किलोमीटर होते, आणि वेळ जास्तीत जास्त १८ तास ४५ मिनिटे. जसजसे इंधन जळते तसतसे विमान हलके होते आणि टप्प्याटप्प्याने अधिक उंचावर जाते, कारण तेथली विरळ हवा कमी अवरोध करते. प्रवासाच्या शेवटी ते सुरुवातीपेक्षा कितीतरी हजार फूट वर असते.

घड्याळाचा गोंधळ या सगळ्यापेक्षा सोपा आहे, पण फसवतो तोच सर्वांत जास्त. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची. टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेले विमान दहा तास उडून लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी १० वाजता पोहोचते, म्हणजे कागदावर निघण्याच्या सात तास आधी. हिवाळ्यात टोकियो लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असते, आणि वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे ओलांडल्यामुळे एक वार मागे जातो. प्रवासाची खरी लांबी काढायची असेल तर दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणाऱ्या देशांत हा फरक वर्षातून दोनदा बदलतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

कोणत्याही दोन दूरच्या विमानतळांसाठी घरबसल्या अंदाज बांधायचा असेल, तर बृहद्वृत्ताच्या अंतरात चार-पाच टक्के वळशाचे मिळवावेत, ९०० ने भागावे, वर पाऊण तास धरावा, आणि मग दिशा पाहावी: मध्य अक्षांशांवरून पूर्वेकडे जायचे असेल तर दर दहा तासांमागे साधारण तासभर कमी, पश्चिमेकडे असेल तर तेवढेच जास्त. उत्तर-दक्षिण प्रवासात किंवा विषुववृत्ताजवळ दिशेची ही दुरुस्ती बहुधा सोडून देता येते. विमानात बसल्यावर तर समोरच्या पडद्यावर वाराही मोजता येतो. विमान स्थिर उंचीवर आले की बाहेरचे तापमान पाहावे. ते उणे ५६ च्या आसपास असेल तर हवेतला वेग ९०० च्या आसपास आहे असे समजावे, आणि पडद्यावरच्या जमिनीच्या वेगातून तो वजा करावा. पडदा १,०४० दाखवत असेल, तर विमानाच्या पाठीशी ताशी सुमारे १४० किलोमीटरचा वारा आहे. ७८० दाखवत असेल, तर तेवढ्याच तोडीचा वारा समोरून येतो आहे, आणि पोहोचण्याची वेळ हळूहळू पुढे सरकताना त्याच पडद्यावर दिसू लागेल.